माय हाक मारते ती जेवायला

प्रिय बेटा,

तुझं पत्र परवा मिळालं. सोयाबीन घरात आलं, कापसाची पहिली वेचणी सुरू झाली आणि त्यातच रोज संध्याकाळी कोणाच्या ना कोणाच्या अंगणात रोझरी, म्हणजे मरियामायची जपमाळ. ऑक्टोबर महिना आपल्याकडे असाच धावपळीत जातो. तू लिहिलंस, "काका, रोझरीला अंगणात पाय ठेवायला जागा नसते, आणि फादर मिस्सा अर्पायला येतात त्या रविवारी निम्म्या चटया रिकाम्या. आपण लोकांना येशूच्या आईपाशी, मरियेपाशीच थांबवून ठेवतो का? रोझरी कमी करू का?"

रोझरी कमी करू नकोस, हे आधीच सांगून टाकतो. पण तुला जे खुपतंय ते खरं आहे. मिस्सा म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची उपासना, तिथे भाकरीच्या रूपात तो स्वतः मिळतो. मलाही ते कळायला एका म्हातारीचं बोलणं खावं लागलं.

१९८३ सालची गोष्ट. मी नुकताच धर्मशिक्षक म्हणून कामाला लागलो होतो. १५ ऑगस्ट, मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा, म्हणजे तिला देहासह स्वर्गात घेतलं गेलं त्याचा सण. चार दिवसांची झड लागलेली, नाल्याला पूर आला आणि फादरांची मोटारसायकल पलीकडच्या काठावरूनच परत गेली. लोक तर जमलेले. मी रोझरी घेतली, दोन गाणी म्हणवली आणि शेवटी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "काही बिघडलं नाही. मिस्सा काय नि रोझरी काय, देवाला सारखंच." मागून एक आजी उठली. तिला अक्षरओळख नव्हती, पण रोझरीची सगळी रहस्यं, म्हणजे येशू-मरियेच्या जीवनातले प्रसंग, तोंडपाठ होती. म्हणाली, "मायनं हाक देली म्हून पोट भरते काय रे बाप्पा? जेवाले बसा लागते."

मी गप्प झालो. पुढच्या रविवारी पूर ओसरल्यावर ती नऊ किलोमीटर चालत मिस्साला केंद्रावर, मोठ्या देवळाकडे निघाली. चिखलात चपला रुतत होत्या, म्हणून त्या हातात घेतलेल्या. तिच्या मागे मी. वाटभर तिची रोझरी चालू होती. देवळाच्या पायरीशी पाय धुतले, जपमाळ गुंडाळली आणि कमरेच्या बटव्यात ठेवून दोरी ओढली. मिस्सा होईपर्यंत तो बटवा उघडला नाही. पवित्र भाकर देताना फादर "ख्रिस्ताचं शरीर" म्हणाले तेव्हा मी तिच्या शेजारीच होतो. निंदून निंदून हिरवी पडलेली बोटं, नखांत काळी माती, डोळे मिटलेले. आणि असं एक "आमेन" की मला माझं आमेन म्हणायची लाज वाटली. परतीच्या वाटेवर बटवा पुन्हा उघडला.

संत पोप पॉल सहावे यांनी १९७४ साली मरियेच्या भक्तीवर एक पत्र काढलं होतं. त्यात रोझरीचं भरभरून कौतुक आहे, आणि मिस्सा चालू असताना रोझरी म्हणणं ही चूक आहे, असंही स्पष्ट सांगितलंय. जुन्या लोकांना यात दोष देऊ नकोस. माझ्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायची. फादर पाठमोरे, शब्द कळायचे नाहीत, मग बायामाणसं मणी ओढत बसायच्या. त्यांना जे कळत होतं ते त्या धरून होत्या. त्या आजीने पॉल सहाव्यांचं नावही कधी ऐकलं नसेल. पण बटव्याची दोरी केव्हा ओढायची आणि केव्हा सोडायची, हे तिला बरोबर ठाऊक होतं.

आता त्या "आमेन"विषयी. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००३ साली पवित्र गुरुवारी ख्रिस्तप्रसादावर, म्हणजे मिस्सातल्या त्या पवित्र भाकरीवर, एक परिपत्रक लिहिलं. त्याचं शेवटचं प्रकरण सबंध मरियेवर आहे. त्यातली एक गोष्ट मी पोरांना दरवर्षी सांगतो. देवदूत गब्रिएल निरोप घेऊन आला तेव्हा मरिया म्हणाली, "पाहा, मी प्रभूची दासी, आपण सांगितल्याप्रमाणे मला होवो." आपण ख्रिस्तशरीर घेताना "आमेन" म्हणतो. ही दोन उत्तरं एकाच जातीची आहेत. तिला विश्वास ठेवायचा होता की पोटातलं बाळ देवाचा पुत्र आहे. आपल्याला विश्वास ठेवायचा आहे की भाकर दिसतेय ते तोच पुत्र आहे. दोन्हीकडे डोळ्यांना काही उमगत नाही. हे ज्याला एकदा कळलं त्याला रोझरी आणि मिस्सा या दोन वेगळ्या वाटा कधी वाटणार नाहीत. रोझरीतली प्रत्येक "नमो मरिया" ही प्रार्थना त्या एका होकाराभोवतीच फिरते.

त्यानंतर मरिया काय करते? उठते आणि डोंगराळ मुलखात, नात्यातल्या एलिझाबेथच्या घरी जायला निघते. पोटात प्रभू आहे आणि पायवाट तुडवतेय. पोपमहोदय म्हणतात, इतिहासातली पहिली ख्रिस्तमंजूषा, म्हणजे ख्रिस्तप्रसाद ठेवायची पेटी, ती मरियाच. हे वाचलं की मला आपले फादर आठवतात. खिशात छोटी डबी, डबीत आजाऱ्यासाठी ख्रिस्तप्रसाद, आणि गाडी खड्ड्यांतून हळूहळू. त्यांना वाटेत बोलायला लावू नका, असं आपली म्हातारी माणसं सांगतात ते उगीच नाही.

अजून एक. वधस्तंभावरून येशूने आपली आई शिष्य योहानाच्या हवाली केली आणि योहानाने तिला आपल्या घरी नेलं. शेवटच्या भोजनाच्या वेळी ती तिथे होती, असं शुभवर्तमान सांगत नाही. पण बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक उघडून बघ. पहिल्याच अध्यायात ती शिष्यांबरोबर प्रार्थनेत आहे, आणि दुसऱ्या अध्यायात तीच मंडळी "भाकर मोडण्यात" तत्पर आहे. मग योहान किंवा पेत्र भाकर हातात घेऊन "हे माझं शरीर आहे" म्हणाला असेल तेव्हा तिला काय वाटलं असेल? जे शरीर तिने नऊ महिने वाढवलं, दूध पाजून मोठं केलं, क्रूसाखाली उभं राहून पाहिलं, तेच. या विचारापाशी मी दर मिस्साला अडकतो, बेटा. अडकू दे. ख्रिस्तशरीर घेऊन जागेवर आल्यावर तूही तिथेच थोडी थांब. गाणं लगेच सुरू करू नकोस.

तुझ्या नागपूरच्या मावसभावाने विचारलं ना, "तुम्ही मरियेची पूजा करता का?" रागावू नकोस, प्रश्न जुनाच आहे. चौथ्या शतकात संत एपिफानियस या बिशपांनी अरबस्तानातल्या काही बायांबद्दल लिहून ठेवलंय. त्या मरियेच्या नावाने भाकरी अर्पण करायच्या आणि मग खायच्या. एपिफानियस यांनी ते ठामपणे नाकारलं. मरियेला मान द्या, पण आराधना पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याची, असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून आजवर ख्रिस्तसभेने भाकर मरियेला वाहिलेली नाही. आपल्या मिस्सात बघ. पापकबुलीत तिचं नाव, विश्वासांगीकारात तिचं नाव, महाप्रार्थनेत तिचं नाव. पण अर्पण पित्याला, पुत्राच्या द्वारे. ती आपल्या बाजूला उभी आहे, आपल्याबरोबर हात जोडून. भावाला हे सांग आणि त्याला एकदा मिस्साला घेऊन ये. वाद घालत बसू नकोस.

आणि रोझरीच्या अंगणात शेजारच्या आयाबाया नारळ घेऊन येतात, कोणी मरियामायची ओटी भरते, त्यावरूनही तू अस्वस्थ दिसतेस. येऊ दे त्यांना. नारळ फोड, खोबरं सगळ्यांना वाट. ख्रिस्तप्रसाद मात्र खोबऱ्यासारखा वाटायचा नसतो, तो बाप्तिस्मा घेऊन, तयारी करून घ्यायचा असतो. हा फरक कोणी विचारला तर मायेने समजावून सांग. आईच्या अंगणात यायला कोणालाच मज्जाव नसतो.

काम तुझं आहे ते आपल्या माणसांचं. ती अंगणातून ताटापर्यंत कशी येतील ते बघ. मी काय करायचो ते सांगतो. रोझरीत गुरुवारी प्रकाशाची रहस्यं असतात. ती जॉन पॉल दुसऱ्यांनी २००२ साली जोडली. त्यातलं दुसरं काना गावचं लग्न, पाचवं ख्रिस्तप्रसादाची स्थापना. काना गावी द्राक्षारस संपला तेव्हा मरियेने पुत्राला अडचण सांगितली आणि चाकरांना म्हणाली, "हा तुम्हांला जे काही सांगेल ते करा." शुभवर्तमानात तिचे बोललेले शब्द थोडेच आहेत, त्यांतले हे शेवटचे. गुरुवारी दुसरं रहस्य संपलं की अर्धा मिनिट थांबायचं आणि विचारायचं, "तो आपल्याला काय सांगतो?" पाचव्या रहस्याला उत्तर मिळतंच: "माझ्या स्मरणार्थ हे करा." पहिल्या वर्षी लोक नुसते ऐकत होते. मग एकेक जण येऊन विचारू लागला, फादर या रविवारी येणार की पुढच्या?

लूर्दची गोष्टही सांग. ग्रोटोमुळे, म्हणजे तिथल्या गुहेमुळे, फ्रान्समधलं लूर्द सगळ्यांना माहीत आहे. १८५८ साली मरियेने बर्नादेतला तिथे दर्शन दिलं. लोक जातात ते मायला भेटायला. पण यात्रेच्या दिवसांत तिथे रोज दुपारी ख्रिस्तप्रसादाची मिरवणूक निघते आणि आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसादाने आशीर्वाद देतात. मेणबत्त्या घेऊन मरियेची मिरवणूक निघते ती रात्री.

पहिल्या ख्रिस्तप्रसादाची पोरं यंदा सहा आहेत म्हणालीस. त्यांना एक दिवस स्वयंपाकघरात बसव. परातीत मूठभर गव्हाचं पीठ आणि पाणी घे, दुसरं काही नाही, मीठसुद्धा नाही. सिस्टर होस्ट, म्हणजे मिस्साची पातळ भाकर, अशीच बनवतात, हे दाखव. आपण ज्वारी खाणारी माणसं, तेव्हा पोरं विचारतील की ज्वारीची का नाही. सांग, येशूने गव्हाची भाकर घेतली, आपण त्याच्याच पंगतीला बसतो. मग विचार, भाकर पिठाची, पण येशूचं शरीर कोणापासून झालं? मरियेपासून, आणखी कोणापासून. बेथलेहेम या नावाचा अर्थ "भाकरीचं घर", हेही सांग, डोळे मोठे होतात त्यांचे. मात्र एक काळजी घे. ख्रिस्तप्रसादात आपण मरियेला घेतो असा समज कोणा पोराचा होऊ देऊ नकोस. घेतो तो येशूला. ते शरीर त्याला तिने दिलं, एवढंच, आणि हे एवढंसुद्धा फार मोठं आहे.

फादर येत नाहीत त्या रविवारी रोझरीनंतर दोन मिनिटं शांत बसवून सगळ्यांकडून मनोमन ख्रिस्तग्रहणाची प्रार्थना करून घे: प्रभू, आज तुला ख्रिस्तप्रसादात घेता येत नाही, पण माझ्या अंतःकरणात ये. आणि लगेच पुढच्या मिस्साची तारीख सांग. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी म्हाताऱ्यांना मागे बसवून केंद्रावर न्यायचं, हेही तिथेच ठरवून टाक.

माझा गुडघा आता बरा आहे. पुढच्या मिस्साच्या रविवारी पहिल्या बसने येतो. माझी चटई दाराजवळ टाक, मला लवकर उठता येत नाही. आणि शनिवारची रोझरी तुझ्याच घरी घे.

तुझा,
काका