पाय दुखतात, अक्षर दिसत नाही, मग प्रदर्शन बघायचं कसं?

प्रश्न: ताई, सासूबाईंना घेऊन एका चित्रप्रदर्शनाला गेले होते, वय ७२ पण हौस दांडगी. दालनात उजेड अंधुक, चित्राशेजारची माहिती इतकी बारीक की वाकूनच वाचावी लागली, टेकायला साधा बाकसुद्धा नाही. अर्ध्यातून परत आलो. प्रदर्शन लावणारे बघणाऱ्यांचा विचार करतात की नाही?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: करतात, पण सगळीकडे नाही, आणि सासूबाईंना अर्ध्यातून परत यावं लागलं ह्याचं खरंच वाईट वाटलं.

आधी उजेडाचं सांगते, तो बऱ्याचदा मुद्दाम कमी ठेवलेला असतो. जलरंग, कागद, जुनं कापड उजेडाने फिकं पडतं आणि गेलेला रंग परत येत नाही, म्हणून तिथं साधारण ५० लक्सच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) ठेवतात. ते बरोबरच आहे, पण मग अक्षर मोठं नि ठळक नको का? कमी उजेडात बारीक टाइप, हे मला अजिबात पटत नाही.

वाकण्याचं दुखणं तर शंभर वर्षांहून जुनं. बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समधल्या बेंजामिन गिल्मन यांनी चांगली नजर असलेल्या एका माणसाला वस्तू बघून साध्या प्रश्नांची उत्तरं द्यायला सांगितली आणि त्याचे फोटो काढले, कुठे तो कमरेत वाकलाय, कुठे चक्क उकिडवा बसलाय! १९१६ मध्ये ते छापून आलं, दोष मांडणीचा होता हे फोटोतच दिसत होतं.

मनावर घेतलं तर काय होतं ते डेट्रॉइटच्या कला संग्रहालयाने दाखवलं, २००७ मध्ये नव्याने उघडताना त्यांनी सामान्य लोकांशी बोलून मांडणी बदलली, माहिती छोटी केली, आणि अठराव्या शतकातली फ्रेंच चांदीची भांडी नुसती कपाटात न ठेवता शेजारी टेबलावर व्हिडिओ सोडला, त्यात जेवण एकेक करून वाढलं जातं, म्हणजे भांडं कशाला होतं ते न वाचताच कळतं. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयाने २०१५ मध्ये दृष्टिहीनांसाठी वेलास्केझ, गोया या जुन्या स्पॅनिश चित्रकारांची चित्रं हाताने चाचपता येतील अशी उठावात करून मांडली.

पुढच्या वेळी आधी फोन करून व्हीलचेअर किंवा घडीचं स्टूल मिळेल का विचारा. आणि अभिप्रायाच्या वहीत "छान" लिहून येऊ नका, कुठल्या दालनात, कुठल्या चित्रापाशी वाचता आलं नाही ते नीट लिहा, सासूबाईंचं वयही टाका.