नैराश्यावर उपचार घेतले असतील तर अमेरिकी सैन्यात भरती होता येतं का?

येतं, पण वाट सरळ नाही. तुम्ही लिहिलंय की आठ महिने औषधं आणि समुपदेशन चाललं, आता सगळं थांबलंय, आणि भरती अधिकारी म्हणतो, ‘ते सांगूच नकोस.’ त्याचं ऐकू नका. 2022 पासून भरतीच्या वैद्यकीय केंद्रांवर ‘एमएचएस जेनेसिस’ ही लष्कराची डिजिटल वैद्यकीय नोंदींची प्रणाली वापरतात; खासगी डॉक्टरांच्या नोंदी आणि औषधंही त्यात दिसू शकतात. शिवाय खोटी माहिती देऊन भरती होणं हा तिथल्या लष्करी कायद्याने गुन्हा आहे, आणि अर्जावर सही तुमची असते, त्याची नाही.

नैराश्याबाबत मुख्य हिशेब काळाचा. गेल्या 36 महिन्यांत लक्षणं किंवा उपचार नकोत, बाह्यरुग्ण उपचार एकूण 12 महिन्यांपेक्षा जास्त झालेले नकोत. आजार उलटला असेल किंवा रुग्णालयात दाखल व्हावं लागलं असेल, तर कितीही काळ लोटला तरी अपात्रच धरतात. तुमचे आठ महिने मर्यादेत बसतात. शेवटची गोळी कधी घेतलीत ते तेवढं बघा.

अपात्र ठरलात तर ‘वेव्हर’, म्हणजे खास सवलत, मागता येते. हक्क नाही तो. प्रत्येक दल आपापला निर्णय घेतं, त्यामुळे आर्मीने नाकारलं तरी नेव्हीचं दार ठोठावता येतं. उपचारांची पूर्ण फाइल आणि डॉक्टरांचं ताजं पत्र जोडा.

(आणि कोणी वाचत असेल ज्याची औषधं चालू आहेत: 36 महिने मोजायला लागावेत म्हणून ती स्वतःहून बंद करू नका.)