‘पवित्र’ देव सोवळा असतो का?

प्रश्न असा: नाशिकच्या एका चर्चमध्ये आजाऱ्यांसाठी प्रार्थना करताना ‘देवाच्या पवित्रतेचे मनन करा’ असे सांगितले गेले. पवित्र म्हणजे सोवळा, कुणाचा स्पर्श न चालणारा. मग अंथरुणाला खिळलेल्या माणसाला अशा देवाचा आधार कसा वाटावा? आणि ‘पवित्रता’ बरोबर की ‘पावित्र्य’?

‘पवित्र म्हणजे सोवळा’ हे समीकरण मनात पक्के बसले आहे, सगळी गडबड तिथे आहे. सोवळे स्पर्शाने मोडते, म्हणून ते जपावे लागते. नाशिकजवळच्या जलालपूरला माहेर असलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक रंगवला आहे. घरात येणारी वस्तू धुऊन घेण्यापर्यंत मजल जाते, कारण सोवळ्याला सतत बाहेरचे भय असते.

‘पवित्र’ची घडण वेगळी आहे. ‘पू’ म्हणजे शुद्ध करणे, त्याला ‘-इत्र’ हा साधन दाखवणारा प्रत्यय. ‘खन्’पासून खणण्याचे साधन ‘खनित्र’ होते, तसेच हे. ऋग्वेदात सोमरस गाळायची लोकरीची गाळणी म्हणजे ‘पवित्र’. रामकुंडावर श्राद्धविधीत अनामिकेत घालतात ती दर्भाची अंगठी ‘पवित्रक’. म्हणजे शब्दाच्या मुळाशी शुद्ध करण्याचे काम आहे, शुद्ध राहण्याची धडपड नाही.

मराठी बायबलमध्ये हा शब्द हिब्रू ‘कादोश’साठी येतो. त्यात ‘वेगळा, राखून ठेवलेला’ ही छटा ठळक आहे. सोवळ्यासारखा नियमही तिथे सापडतो: हाग्गय 2:11-13 मध्ये याजक सांगतात की पवित्र मांस बांधलेला पदर भाकरीला लागला तर भाकर पवित्र होत नाही, पण प्रेताने विटाळलेला माणूस तिला शिवला तर ती विटाळते. मात्र खुद्द देवाबद्दल बोलताना दिशा उलटते. यशया 6 मध्ये, उज्जीया राजा मरण पावला त्या वर्षी, सराफीम, म्हणजे देवाच्या सिंहासनाजवळचे स्वर्गीय जीव, तीनदा ‘पवित्र’ म्हणतात, यशया संदेष्टा ‘मी अशुद्ध ओठांचा’ म्हणून हादरतो, आणि वेदीवरचा निखारा त्याच्याच ओठांना लावला जातो. विटाळ निखाऱ्याला लागत नाही, ओठ शुद्ध होतात. मार्क 1:41 मध्ये येशू कुष्ठरोग्याला हात लावतो तेव्हाही तेच घडते. प्रश्नकर्त्याने एकच वचन पाहायचे तर यशया 57:15 पाहावे: ज्याचे नाव पवित्र, तो उच्च स्थानी राहतो आणि भग्न व नम्र मनाच्या माणसापाशीही राहतो. उंची आणि जवळीक एकाच वाक्यात आहेत.

आता दुःखाकडे. बायबलमधले पीडित लोक देवाच्या पवित्रतेचा उपयोग बहुधा दाद मागण्यासाठी करतात. हबक्कूक संदेष्टा (1:12-13) देवाला विचारतो, तुझे डोळे इतके शुद्ध आहेत की दुष्टाई पाहवत नाही, मग तू गप्प का? प्रकटीकरण 6:10 मधले हुतात्मे ‘पवित्र व सत्य’ अशा स्वामीला ‘कुठवर?’ असे विचारतात. देव पवित्र आहे म्हणूनच त्याच्याकडे न्याय मागता येतो; लाच खाणाऱ्या न्यायाधीशापुढे कुणी असे बोलणार नाही.

मननाला बसायला स्तोत्र 22 उत्तम, पण क्रम पाळावा. पहिल्या दोन ओव्या निखळ तक्रारीच्या: तू मला का सोडलेस, मी रात्रंदिवस हाका मारतो आणि उत्तर नाही. यातलीच पहिली ओळ येशू वधस्तंभावर उच्चारतो (मत्तय 27:46). तिसरी ओवी ‘तरी’ने सुरू होते: तरी तू पवित्र आहेस. आधी तक्रार आपल्या शब्दांत, हळू आवाजात बोलावी. स्तोत्र 1 मध्ये ‘मनन’साठी असलेल्या हिब्रू क्रियापदात पुटपुटण्याचा अर्थ आहेच. मग ‘तरी’वर थांबावे. पुढे 24व्या ओवीपर्यंत जायलाच हवे, कारण पीडिताच्या पीडेचा त्याने तिटकारा केला नाही, हे तिथे येते. थकलेल्या माणसासाठी 1 ते 3 आणि 24 एवढ्या ओव्या पुरेत. आजाऱ्याला भेटायला येणारे बहुतेकजण तक्रार वगळून थेट तिसऱ्या ओवीवर उडी मारतात, आणि मग तेच वचन गप्प बसवण्याचे हत्यार होते.

याहून वाईट चूक अलीफजची, म्हणजे संकटांनी पिचलेल्या ईयोबाचे सांत्वन करायला आलेल्या मित्राची. देवापुढे आकाशही निर्मळ नाही, मग माणसाची काय कथा, असे तो ईयोबाला सुनावतो (ईयोब 15:15-16). शब्द पवित्रतेचे, सूर ‘तुझ्याच कर्माची फळे’ असा. शेवटी (42:7) देव अलीफज आणि त्याच्या दोन मित्रांवरच रागावतो. म्हणूनच या संदर्भात ‘भोग’ हा शब्द टाळावा. त्याला पूर्वकर्माचा वास चिकटलेला आहे. ख्रिस्ती मराठीत ‘दुःखसहन’ रुळला आहे आणि टिकून राहण्यासाठी ‘धीर’: रोमकरांस 5:3-4 मध्ये संकटातून धीर, धीरातून शील, शीलातून आशा. इब्री 12:10 मध्ये देव लावतो त्या शिस्तीचा हेतू ‘त्याच्या पवित्रतेत वाटा मिळावा’ असा सांगितला आहे खरा, पण हे वचन स्वतःविषयी म्हणावे, दुसऱ्याच्या खाटेशेजारी उभे राहून नव्हे.

‘पवित्रता’ आणि ‘पावित्र्य’ दोन्ही शुद्ध. बोलण्यात आणि प्रार्थनेत ‘पवित्रता’ सोपे पडते, ‘पवित्रपणा’ही चालतो. ‘पावित्र्यता’ मात्र लिहू नये, त्यात भाववाचक प्रत्यय दोनदा लागतो.