छोट्या थापांपासून सुरुवात कर

ख्रिस्ती विश्वासात नवा आहेस, रोजच्या जगण्यात प्रामाणिक कसं राहायचं असं विचारलंस. मोठ्या पापांची यादी करत बसू नकोस. आधी जिभेवर सहज येणाऱ्या थापा पकड. ‘निघालोच, पाच मिनिटांत पोचतो,’ असं आपण फोनवर सांगतो तेव्हा पायात चप्पलही नसते. तुमचं होय ते होय आणि नाही ते नाही असावं, असं प्रभू येशू सांगतो (बायबल, मत्तय 5:37). त्याची खरी परीक्षा इथेच होते.

पैशाच्या बाबतीत फार जप. एकदा प्रवासखर्चाच्या कागदावर मी थोडी रक्कम वाढवून लिहिली. रात्री प्रार्थनेला बसलो, तर तोंडून शब्दच फुटेना. सकाळी साहेबांसमोर तो आकडा खोडला, तेव्हा हात थरथरत होता. नुसती देवाची क्षमा मागून भागत नाही, घेतलेलं परत करावं लागतं. लूक 19 मधला जकातदार जक्कय बघ. चोरलेल्या एका मेंढराबद्दल चार द्यावीत असं मोशेचं नियमशास्त्र सांगत होतं, लोकांकडून फसवून घेतलेलं परत करताना त्याने तेच चौपटीचं माप स्वतःला लावून घेतलं.

खरं बोलणं म्हणजे फटकळपणा नव्हे, हेही ध्यानात ठेव. प्रेषित पौल प्रीतीने सत्य बोलायला सांगतो (इफिस 4:15). आणि चूक झालीच, तर त्याच माणसाकडे त्याच दिवशी जा. ‘मी खोटं बोललो’ एवढंच म्हण, पुढे ‘पण’ जोडू नकोस.