वाचकांचे प्रश्न : अध्यक्षाचा पक्ष मध्यावधीत का हरतो?

प्रश्न : अमेरिकेत अध्यक्ष निवडून आला की दोनच वर्षांत त्याच्या पक्षाला फटका बसतो म्हणतात. हे दरवेळी घडतं का? – एक वाचक, मिरज

उत्तर : जवळजवळ दरवेळी. अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या, म्हणजे प्रतिनिधीगृहाच्या, सगळ्या 435 जागांसाठी दर दोन वर्षांनी मतदान होतं; अध्यक्षाच्या चार वर्षांच्या कार्यकाळाच्या मध्यावर येणारं मतदान म्हणजे ‘मध्यावधी’. अध्यक्षपदाची निवडणूक नसली की मतदान घटतं, अध्यक्षाचे उत्साही समर्थक घरी बसतात आणि चिडलेले मात्र न चुकता येतात. 2010 मध्ये ओबामांच्या पक्षाने 63 जागा गमावल्या. 1938 मध्ये तर रूझवेल्ट यांच्यासारख्या लोकप्रिय अध्यक्षाच्या पक्षाच्या सत्तरहून अधिक गेल्या.

मला स्वतःला 1994 ची निवडणूक सर्वांत बोलकी वाटते. प्रतिनिधीगृहाचे सभापती टॉम फोली वॉशिंग्टन राज्यातून 30 वर्षं निवडून येत होते. त्या राज्याच्या मतदारांनी खासदारांच्या कार्यकाळावर मर्यादा घालणारा ठराव मंजूर केला आणि फोली त्याविरुद्ध कोर्टात गेले. अध्यक्ष क्लिंटन यांच्याविरोधी लाट होतीच, त्यात घरच्या मतदारांचा हा राग. ते थोडक्यात पडले. 1862 नंतर प्रथमच विद्यमान सभापती स्वतःच्या मतदारसंघात हरला होता. क्लिंटन आणि फोली यांच्या पक्षाची, म्हणजे डेमोक्रॅट्सची, त्या सभागृहातली सलग 40 वर्षांची सत्ताही गेली.

अपवाद मोजकेच : 1934, 1998 आणि 2002. या तिन्ही वेळी अध्यक्षाच्या पक्षाच्या जागा वाढल्या. मंदीत रूझवेल्ट यांनी दिलेला आधार, क्लिंटन यांच्यावरील महाभियोगाचा अतिरेक आणि 11 सप्टेंबरचा हल्ला, अशी त्यांची कारणं मला पटतात.