पक्ष्यांमागे पळू नका, पाण्याला काम करू द्या

प्रश्न : चार दिवस समुद्रावर सुट्टीला गेलो होतो, मुद्दाम नवी दुर्बीण घेऊन. रोज दुपारी जेवण झालं की किनाऱ्यावर जायचो. पण पक्षी एकतर लांब चिखलात ठिपक्यांएवढे दिसायचे, नाहीतर जवळ गेलं की भुर्रकन उडायचे. जे दिसले ते सगळे सारखेच भुरकट. मोठा स्पॉटिंग स्कोप (तिवईवर लावायची एका डोळ्याची दुर्बीण) घ्यावा का?

उत्तर : स्कोप राहू द्या हो, आधी भरती-ओहोटीचं टाइमटेबल बघा. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे भरती रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते आणि तुम्ही मात्र घड्याळ लावून जेवणानंतर जाताय, मग ओहोटी असली की पक्षी पार पाण्याच्या कडेला पांगलेले असणार. पूर्ण भरतीच्या दोन तास आधी जा, ऊन पाठीवर येईल अशी जागा धरा आणि गप्प बसून राहा. पाणी वर चढतं तसा त्यांचा चिखल कमी होत जातो आणि ते आपोआप तुमच्याकडे सरकतात. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं तेव्हा तर अजूनच. फक्त परतीची वाट आधी बघून ठेवा, मी एकदा डोळा दुर्बिणीला लावून खडकावर बसलो आणि मागे वळून बघतो तर वाट पाण्याखाली, गुडघाभर पाण्यातून बूट हातात घेऊन आलोय.

भरतीला ते एका पायावर थवा करून विश्रांती घेतात, तेव्हा जवळ जायचंच नाही. माना वर झाल्या, चालायला लागले की तिथेच थांबायचं. त्यांची चरबी म्हणजे प्रवासाचं पेट्रोल आहे. २०२२ मध्ये जेमतेम पाच महिन्यांचा एक बार-टेल्ड गॉडविट नावाचा किनारपक्षी अलास्काहून टास्मानियाला १३,५६० किलोमीटर न थांबता ११ दिवसांत गेला, सॅटेलाइट टॅग होता म्हणून कळलं. अशा पाहुण्याला आपण एका फोटोसाठी उठवायचं?

भुरकट रंगाचं म्हणाल तर रंग सोडा, चाल बघा. चिखल्या (प्लोव्हर) पळतो, खटकन थांबतो, टोचतो, परत पळतो, कारण तो डोळ्यांनी शिकार शोधतो. तुतवार (सँडपायपर) शिलाई मशीनसारखा चिखलात चोच मारत जातो. लाटेच्या पुढे-मागे खेळण्यासारखे पळणारे पांढुरके ते सँडरलिंग. सुरय (टर्न) पाण्यावर चोच खाली करून उडतो आणि धाडकन सूर मारतो, कुरव (सीगल) असा सूर क्वचितच मारतो. कुरवांची पिल्लं ओळखायच्या फंदात मात्र पहिल्या ट्रिपला पडू नका, मोठ्या जातींना पूर्ण पिसारा यायला चारेक वर्षं लागतात आणि दर वर्षी अवतार वेगळा. ह्या सगळ्याला ८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) साधी दुर्बीण भरपूर झाली.

प्रश्न : एका कुरवाच्या चोचीच्या टोकावरून पाणी ठिबकत होतं आणि तो सारखं डोकं झटकत होता. सर्दी झाली होती का?

उत्तर : नाही हो, तो मीठ टाकत होता! समुद्रपक्षी खारं पाणी पिऊ शकतात, कारण त्यांच्या डोळ्यांच्या वर ग्रंथी असतात, त्या रक्तातलं जास्तीचं मीठ काढून घेतात आणि ते खारट पाणी नाकपुड्यांतून चोचीवर ओघळतं.