दाराशी पडलेल्या लाजराविषयी

चिरंजीवास सप्रेम सलाम.

तुझे पत्र पोहोचले. नोकरीत बढती मिळाली, पुण्यात स्वतःचे घर झाले, आणि त्याच सुमारास उपासनेत लूकच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायातला श्रीमंत मनुष्य आणि लाजर यांचा दाखला वाचला गेला. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही, असे तू लिहितोस. ‘तुझे सुख तू आयुष्यातच भोगून घेतलेस, हे अब्राहामाचे शब्द एक दिवस मलाही ऐकावे लागतील का?’ हा तुझा प्रश्न मी मुळीच हलका मानत नाही. ज्याच्या हाती पैसा येऊ लागला आहे त्याने तो विचारलाच पाहिजे, आणि तूही तो खोटे समाधान करून घेऊन मिटवू नयेस, म्हणून सविस्तर लिहितो.

तो दाखला पुन्हा एकदा सावकाश वाच. श्रीमंत मनुष्याने कोणाला लुबाडले, खोटा हिशेब लिहिला किंवा लाजराला दारातून हाकलून दिले, असे तिथे कुठेही म्हटलेले नाही. तो जांभळी आणि तलम वस्त्रे घालत असे, रोज थाटामाटाने जेवत असे, आणि त्याच्या दाराशी फोडांनी भरलेला एक दरिद्री मनुष्य पडलेला असे. अपराध एवढाच की येता-जाता तो त्याच्या शेजारून जात राहिला. पण पुढची एक गोष्ट वाचताना सहसा निसटून जाते. दोघेही मरतात, लाजर पूर्वज अब्राहामाच्या उराशी पोहोचतो, आणि अधोलोकात यातना भोगत असताना हा श्रीमंत मनुष्य अब्राहामाला म्हणतो, लाजराला पाठव, म्हणजे तो बोटाचे टोक पाण्यात बुडवून माझी जीभ थंड करील. याचा अर्थ त्याला लाजराचे नाव ठाऊक होते. दाराशी कोण पडले आहे हे त्याला रोज कळत होते, आणि तरीही त्याचे जेवण गोड लागत होते. त्याहून भयंकर हे की आता सर्व उलटून गेल्यावरही तो लाजराशी एक शब्द बोलत नाही, त्याची क्षमा मागत नाही. निरोप्या म्हणून, पाणक्या म्हणून त्याला आपल्याकडे धाडावे एवढेच त्याला सुचते. त्या दोघांमधल्या ज्या मोठ्या दरीविषयी अब्राहाम बोलतो ती त्या घराच्या उंबरठ्यावर रोज थोडी थोडी खोल होत आली होती, असे मला हा दाखला वाचताना दर वेळी वाटते.

आता तुझ्या भीतीविषयी. लाजराला ज्याच्या उराशी जागा मिळाली तो अब्राहाम स्वतः गुरेढोरे, चांदी आणि सोने यांनी अतिशय संपन्न होता, असे बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात स्पष्ट लिहिले आहे. तेव्हा श्रीमंतीलाच शिक्षा झाली, असे समजू नकोस. हा अब्राहाम भर उन्हात तंबूच्या दाराशी बसलेला असताना तीन परके पुरुष दिसताच उठून त्यांच्याकडे धावत गेला, पाय धुवायला पाणी आणवले, सारेला पीठ मळायला सांगितले आणि गुरांतले कोवळे वासरू स्वतः निवडून आणले. दार दोघांनाही होते.

हा धडा सर्वांत कळकळीने कोणी शिकवला असेल तर तो चौथ्या शतकातल्या योहान ख्रिसोस्तोमने. सिरियातल्या अंत्युखिया शहरात 386 साली तो मंडळीचा वडील, म्हणजे धर्मगुरू, म्हणून नेमला गेला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत याच दाखल्यावर त्याने एकामागून एक प्रवचने दिली. आपल्याजवळचे गरिबाला न देणे ही त्याची चोरीच आहे, असे तो सांगे. कारण धन्याने कारभाऱ्याकडे वाटपासाठी सोपवलेले धान्य कारभाऱ्याचे होत नाही. मागणारा लायक आहे का याची चौकशी करत बसणाऱ्यांना तो म्हणे की दान देणारा बंदरासारखा असावा; गलबत फुटून किनाऱ्याला लागलेला माणूस भला की बुरा, हे बंदर विचारत नाही. हे नुसते वक्तृत्व नव्हते. मत्तयाच्या शुभवर्तमानावरच्या एका प्रवचनात तो आपल्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, हिशेबच मांडतो: एका बेताच्या श्रीमंताएवढे उत्पन्न असलेली ही मंडळी रोज 3000 विधवा आणि कुमारिकांना पोसते, शिवाय कैदी, आजारी आणि परदेशी वेगळेच, मग एवढ्या मोठ्या शहरातल्या धनवानांपैकी दहा जणांनी जरी असेच करायचे ठरवले, तर उपाशी कोण राहील? पुढे 398 साली तो कॉन्स्टँटिनोपलचा बिशप झाला तेव्हा बिशपच्या घरचाच खर्च कापून त्याने ते पैसे रुग्णालयांकडे वळवले. त्याचे आणखी एक सांगणे मला फार टोचते: वेदीवर ख्रिस्ताला रेशमी वस्त्रांनी सजवायचे आणि बाहेर थंडीत कुडकुडणाऱ्या त्याच ख्रिस्ताला उघडे ठेवायचे, हा त्याचा सन्मान नाही. आपल्या मंडळ्यांत इमारत निधीची घोषणा होते तेव्हा मला हे आठवते, आणि तुलाही आठवावे अशी माझी इच्छा आहे.

पण दान देऊन परलोकातली जागा राखून ठेवता येते, असे मनात आणू नकोस. तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेने मिळते. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने 1517 साली क्षमापत्रांच्या, म्हणजे पापाच्या शिक्षेतून सूट देणाऱ्या चर्चच्या पत्रांच्या, विक्रीविरुद्ध जे 95 सिद्धांत मांडले त्यांतला 43 वा असा की गरिबाला देणारा किंवा गरजूला उसने देणारा मनुष्य क्षमापत्र विकत घेणाऱ्यापेक्षा चांगले काम करतो. आणि 45 वा तर असा की गरजूला पाहून जो पुढे निघून जातो आणि तेच पैसे क्षमापत्रावर घालतो, तो देवाचा कोप विकत घेतो. म्हणजे कृपेचा एवढा आग्रह धरणाऱ्यालाही गरिबाला वगळून परलोकाचा विचार करता आला नाही. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी राजाच्या उजवीकडचे लोक काय म्हणतात ते पाहा. प्रभू, आम्ही तुला कधी भुकेला पाहिले, कधी तान्हेला पाहिले? त्यांनी कसलीही वही ठेवलेली नव्हती. जेवू घातलेल्यात राजा होता, हे त्यांना त्या दिवसापर्यंत ठाऊकही नव्हते.

तू पुण्यात आहेस, तेव्हा दौंडच्या गाडीने एकदा केडगावला जाऊन ये. पंडिता रमाबाईंनी 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आपले आईवडील आणि बहीण उपासमारीत गमावली होती आणि भावासोबत त्या देशभर पायी हिंडल्या होत्या. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात स्वतः गेल्या आणि निराधार मुलींना व बालविधवांना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती सदनात त्या मुली शेती, विणकाम, छपाई शिकल्या, आणि रमाबाईंनी मूळ भाषांतून केलेल्या मराठी बायबलचे खिळेही पुढे तिथल्याच स्त्रियांनी जुळवले. ज्यांना लोक भाकरीचा तुकडा टाकून पुढे गेले असते, त्यांच्या हाती रमाबाईंनी पवित्र शास्त्र छापण्याचे काम दिले. दया म्हणजे काय, हे मला कोणत्याही प्रवचनापेक्षा तिथे अधिक कळते.

आता तू विचारलेस ते, किती द्यावे आणि कोणाला. दशांशाला, म्हणजे उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याला, सुरुवात समज, शेवट नव्हे, आणि तो पगार जमा झाल्याबरोबर बाजूला काढ. महिनाअखेरीस उरेल त्यातून देतो म्हणणाऱ्याकडे काही उरत नाही. दिलेल्याचा फोटो कोणालाही पाठवू नकोस. उजव्या हाताचे डाव्याला कळू देऊ नये, ही प्रभूची आज्ञा आहे. आणि या सर्वांच्या आधी, जे दुसऱ्याचे देणे आहे ते दान म्हणून मोजू नकोस. लूकच्याच शुभवर्तमानातल्या जकातदार जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना दिली, पण ज्यांना फसवले होते त्यांना चौपट परत करण्याची गोष्ट त्याने वेगळी बोलून दाखवली. मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, असे बायबलमधले अनुवाद हे पुस्तक सांगते, आणि अडवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे, असे याकोब आपल्या पत्रात लिहितो.

तुमच्या सोसायटीच्या फाटकावर रात्री बसणाऱ्या वॉचमनचे नाव तू पत्रात लिहिलेले नाहीस. ते विचारून घे, त्याचे गाव कोणते, घरी कोण आहे, रात्रीचे जेवण तो कुठे करतो, हेही विचार. भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा पगार तू पुढच्या महिन्यात परदेशी असताना कापू नकोस, आणि तो परत आल्यावर न देता निघण्यापूर्वीच त्यांच्या हातात दे, कारण जूनमध्ये मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च त्यांच्यापुढे उभा असेल आणि तो त्या तुला आपणहून सांगणार नाहीत.

तुझा,
काका